टाचा उचलून विठोबा

आषाढी एकादशीला पहाटे साडेतीनला पंतनगरातून निघालो तेव्हा पाऊस नव्हता, नुसतं कोंदलेलं होतं. पंढरपूरची वारी मला गुडघ्यांनी आणि नातवंडांनी बंद केली. म्हणून आमची वीस-पंचवीस जणांची दिंडी घाटकोपरहून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जाते. प्रतिपंढरपूरच ते. हायवेने छेडा नगर, एव्हरार्ड नगर, मग सायन, किंग्ज सर्कल. साधारण दहा किलोमीटर. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली. रिटायर झाले तरी बिल्डिंगीत सगळे 'सिस्टर'च म्हणतात.

शेजारच्या पोराने नवं घड्याळ घातलेलं. छेडा नगरच्या पुलाखाली ओरडला, "सिस्टर, माझे ठोके एकशे अठरा!" म्हटलं, होऊ दे. बसल्या जागी हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं, भरभर चालताना ते सहज दुप्पट होतं. मग त्याने घड्याळ आप्पांच्या मनगटाला बांधलं. शहाऐंशी! "आप्पा सगळ्यांत फिट!" आप्पांची छाती फुगली. मला सांगावं लागलं, "आप्पा, ही कमाल तुमची नाही, बीपीच्या गोळीची. तुम्ही घेता ती ठोके फार वर जाऊ देत नाही." आप्पांचं तोंड एवढंसं झालं. असली गोळी चालू असेल तर आकडा बघू नये, दम बघावा. अभंग म्हणता येतोय तोवर ठीक, ओळ मधेच तुटायला लागली की पाय आवरायचा. आप्पा मग मुद्दाम माझ्या कानाशी येऊन खड्या आवाजात म्हणू लागले.

चुनाभट्टीपाशी एका वहिनींच्या पोटात कळ आली. निघताना डबाभर साबुदाण्याची खिचडी हाणलेली. उपास आहे ना! पाय चालायला लागले की आतड्याच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त तिकडून निघून मांड्या-पोटऱ्यांकडे धावतं. आराम करताना स्नायूंना एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा जेमतेम मिळतो. अगदी जोराच्या मेहनतीत तोच ऐंशी टक्क्यांवर जातो. त्यात खिचडीने काय करावं? वहिनींना हळू चालवत आणलं.

सायनपर्यंत माझी अंगठी बोटात रुतली होती. हात लोंबते ठेवून चाललं की बोटं सुजतातच. टाळकऱ्यांचे हात सतत वर, त्यांची बोटं मात्र ठणठणीत. उजाडल्यावर घाम वाहत होता, पण वाळत नव्हता. मुंबईच्या दमट हवेत वाळणार कुठे? घाम वाळला नाही तर अंग निवत नाही, मग आणखी रक्त कातडीकडे पाठवावं लागतं. चाल तीच, पण पोराचे ठोके एकशे तीसवर. निर्जळी करणाऱ्या दोघींना मी सरळ दटावून पाणी पाजलं. पाप लागलं तर माझ्या खात्यावर.

एवढं सगळ्यांना शिकवलं आणि चक्कर कोणाला आली? मला. तीही चालताना नाही, मंदिराच्या रांगेत. दहा किलोमीटर धडाक्यात आले आणि एकदम खांबासारखी उभी राहिले. वीसेक मिनिटांत कानांना दडे बसल्यासारखं झालं, कपाळाला गार घाम फुटला. आप्पांनी हाताला धरून फूटपाथवर बसवलं, मी डोकं गुडघ्यांत घातलं, तेव्हा कुठे जग सरळ झालं. चालताना पोटरी प्रत्येक पावलाला आवळते आणि पायातलं रक्त वर ढकलते. थांबलं की तो पंप बंद. वाहिन्या मात्र अजून सैलावलेल्या, रक्त खाली साचतं, डोक्याला कमी पडतं. हे मी विद्यार्थिनींना किती वेळा सांगितलं असेल!

"पण वर गेलेलं रक्त परत खाली का येत नाही?" पोराने विचारलं. हाताची शीर तट्ट फुगलेलीच होती, तीच दाखवली. बोटांकडच्या बाजूला शीर एका बोटाने दाबली, दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे निपटलं, आणि ते दुसरं बोट उचललं. शीर रिकामीच राहिली. वरचं रक्त झडपेने अडवलं. खालचं बोट काढताच टचकन भरली. रक्त गोल फिरतं हे सांगताना विल्यम हार्वेने 1628 साली पुस्तकात हेच छापलं. पोराने स्वतःच्या हातावर चार वेळा करून बघितलं. मागच्या दोघी-तिघींनीही.

मग मी उठले आणि रांगेत उभ्या उभ्या टाचा वर-खाली करू लागले, पोटरीला काम द्यायला. आप्पा करू लागले, पोरगं करू लागलं, हळूहळू आमची अख्खी दिंडी. मागून एक आजी वाकून म्हणाल्या, "काय गं बाई, टाचा उचलून विठोबा दिसतोय का तिथून?"

"अजून नाही आजी," आप्पा म्हणाले, "तुम्हीही करा."

आजींनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि टाचा उचलल्या.