खिडकीमागं ३० रुपये: आमची वाटचाल

खिडकीमागं ३० रुपये हा आमचा पहिला रेट. २०१२ च्या दसऱ्याला धंदा सुरू केला तेव्हा औरंगाबादमधी, म्हणजे आताच्या संभाजीनगरमधी, काचा पुसायला पैसे घेऊन येणारा वेगळा माणूस असतो हेच लोकांना पटत नव्हतं. घरी मावशी दिवाळीला ओला पेपर फिरवायच्या, ऑफिसात शिपाई फडकं मारायचा, झालं. त्यामुळं रेट विचारायचा तरी कुणाला? मी आणि माझा पार्टनर सिडकोत एका चहाच्या गाड्यावर बसलो आणि ठरवलं की टू व्हीलर धुवायला लोक ४०-५० देतात तर खिडकीला ३० द्यायला काय हरकत आहे. इतकाच हिशोब केला, आणि त्या ३० रुपयांनी आम्हाला पुढं पाच वर्षं पिळून काढलं.

पार्टनर म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं, म्हणजे खिडक्यांच्या चौकटीच्या पट्ट्यांचं, काम करायचा, स्लायडिंग, पार्टिशन, मच्छरदाणीच्या फ्रेमा. काच कोणती आहे हे त्याला लांबून कळायचं, टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, असली की कोपऱ्यातला शिक्का बरोबर शोधून काढायचा. मला त्यातलं काही येत नव्हतं, मी फक्त बोलणारा आणि गाडी चालवणारा. धंद्याची अक्कल त्याची होती हे मी आजही कुणापुढंही सांगतो.

पहिले सहा महिने आमच्याकडं फरशीचा वायपर होता, तोच आरीनं कापून छोटा केलेला. त्याचं रबर दुहेरी फोमचं, काचेवर रेषा सोडायचं. मग मुंबईहून १४ इंची स्टीलचा स्क्विजी, म्हणजे काचेवरचं पाणी ओढून काढायचा रबरपट्टीचा वायपर, आणला, अन त्या दिवशी खरा धंदा सुरू झाला असं मी मानतो. पहिला हात मारला, काच कोरडी झाली, कडेला एक थेंब नाही, आम्ही दोघं एकमेकाकडं बघतच राहिलो. स्क्विजीमधी सगळा जीव रबरात असतो. धार गेली की रबर काढून उलटं बसवायचं, दुसरी कड नवी निघते, ती पण गेली की फेकायचं, तिथं कंजूषपणा करायचा नाही. रात्री स्क्विजी रबरावर टेकवून ठेवायचा नाही, अडकवून ठेवायचा. बादलीभर पाण्याला भांड्याच्या साबणाचे चार थेंब बास, फेस जास्त झाला की काच चिकट राहते. माझा तो पहिला स्क्विजी अजून चालू आहे, दांडा गुळगुळीत झालाय, पोरांना मी त्याला हात लावू देत नाही.

आता ३० चा घोळ सांगतो. सुरवातीला आम्ही दोघंच काम करायचो, त्यामुळं संध्याकाळी हातात ७०० रुपये आले की वाटायचं कमावले. स्वतःची मजुरी धरलीच नव्हती ना आम्ही. पुढं दोन पोरं लावली तेव्हा उघडं पडलं. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी, दोन्ही बाजूनं काच, जाळी काढून धुवायची, ट्रॅकमधली माती ब्रशनं काढायची, असं पूर्ण काम केलं तर दोन पोरं मिळून दिवसाला २४ खिडक्या करतात, त्याच्यावर होत नाही. २४ गुणिले ३० म्हणजे ७२०. त्या वेळेला पोराची हजेरी ३०० होती, दोघांचे ६००, पेट्रोल १००, साबण रबर कपडा ५०, पाण्याचे जार ५०. झाले ८००. म्हणजे रोज ८० रुपये खिशातून घालून आम्ही लोकांच्या खिडक्या पुसत होतो, आणि काम जितकं जास्त यायचं तितका खड्डा मोठा व्हायचा, आणि आम्ही खूश की फोन वाढायलेत.

पाण्याचे पैसे कशाला असं कुणी बाहेरचा विचारेल. आपल्याकडं बोअरचं पाणी म्हणजे क्षारच क्षार, टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मोजणारा, टाकला की हजाराच्या आसपास आकडा दाखवतो, त्या पाण्यानं काच धुवून वाळू दिली की पांढरे ठिपके बसतात आणि ते दोन-तीनदा बसले की साबणानं निघत नाहीत. म्हणून शेवटचा हात आरओच्या पाण्याचा लागतो. आणि २०१६ ला तर पाणीच नव्हतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायले होते त्याच उन्हाळ्यात माझं तिथं एका ऑफिसचं काम ठरलेलं होतं, मी ते स्वतःहून कॅन्सल केलं. लोक घागरी घेऊन लाइनीत उभे आणि मी काचेवर पाणी मारायलो हे मला जमलं नसतं. पण त्याच वर्षी आम्ही बादली सोडून स्प्रे बाटलीवर आलो, खिडकीला अर्धा लिटरमधी काम करायला शिकलो, आजपण तसंच करतो.

त्या वर्षात गारखेड्याच्या डॉक्टर मॅडम नसत्या तर आम्ही तेव्हाच दुकान बंद केलं असतं. त्यांचं हॉस्पिटल आमचं पहिलं महिन्याचं काम. त्यांनी मला हॉस्पिटलच्या आरओवरून दोन कॅन भरून न्यायची परवानगी दिली, एक रुपया घेतला नाही. आणि रेटबद्दल मला पहिल्यांदा त्यांनीच विचारलं. म्हणल्या, "दादा, या तीस रुपयांत तुमचं जेवण धरलंय का? पोरगं शिडीवरून पडलं तर त्याचा खर्च धरलाय का?" मी गप्प. म्हणल्या, "मग हा रेट नाही, ही उसनवारी आहे. पुढच्या महिन्यापासून ५० लावा." गिऱ्हाईक स्वतः रेट वाढवून देतं हे मी माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच बघितलं. मी ५० फक्त त्यांनाच लावले, बाकीच्यांना ३० च ठेवले, कारण भीती. भीती त्या दुसऱ्याची.

तो दुसरा म्हणजे आमच्याकडंच आठ महिने काम केलेला पोरगा. रबर कसं बदलायचं, कोपरा कसा काढायचा सगळं पार्टनरनं त्याला हात धरून शिकवलं. गेला, आणि पंधरा दिवसांत आमच्याच गिऱ्हाइकांना फोन, खिडकी २० रुपये. कसं परवडायचं त्याला? जाळी काढायचा नाही, ट्रॅकला हात लावायचा नाही, आणि सिमेंटचे डाग आले की फरशीचं अ‍ॅसिड. अ‍ॅसिडनं डाग जातो, पण ओघळ अ‍ॅल्युमिनियमवर आला की सेक्शनला चट्टे पडतात, खाली मार्बलची पट्टी असली तर तिची पॉलिश जळते. ते दोन महिन्यांनी दिसतं, तोवर याचे पैसे घेऊन झालेले. गिऱ्हाईक मात्र आम्हाला म्हणायचं, तो वीसमधी करतो, तुम्ही लुटायलात.

त्याच चढाओढीत २०१७ चं ते काम आलं. जालना रोडवर नवीन शोरूम, समोरून सगळी काच, २६०० स्क्वेअर फूट, प्लास्टरवाल्यांनी सिमेंटचे शिंतोडे उडवून ठेवलेले. आम्ही ६ रुपये फूट सांगितले होते. कॉन्ट्रॅक्टर म्हणला, तुमचा तो जुना पोरगा ४ मधी करायलाय. मी पार्टनरला न विचारता तिथल्या तिथं साडेतीन बोललो. ९१०० रुपये. पाच दिवसांचं काम. साडेतीनमधी पाच दिवस परवडत नाहीत, म्हणून दोन रात्रीत उरकायचं ठरवलं, हॅलोजन लावून. पार्टनर म्हणत होता की काच टफन आहे, आधी हात फिरवून बघ, खरखर लागली तर पत्ती, म्हणजे खरडायचं ब्लेड, लावू नको. टफन काच भट्टीतून निघते तेव्हा रोलरच्या बाजूला कधी कधी काचेचेच बारीक कण चिकटून राहतात, डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला पॉलिश पेपरसारखे लागतात. त्याच्यावर सहा इंची पत्ती ओढली की तो कण सुटतो आणि पत्तीबरोबर घासत जातो. भरपूर पाणी मारून हळूहळू केलं तरी धोका असतो, आणि आम्ही तर घाईत, निम्मं कोरडंच खरडलं. आवाज येत होता. मला ऐकू येत होता. मी थांबलो नाही.

सकाळी ऊन आलं आणि १४ काचांवर केसासारख्या रेषा चमकायला लागल्या. टफन काच नंतर कापता येत नाही, मापाची नवीन बनवूनच आणावी लागते. काचेला ८००० धरून १,१२,००० रुपये आमच्या नावावर टाकले. त्याच कॉन्ट्रॅक्टरकडं आधीच्या कामाचे ३८,००० येणं होतं, ते वळते करून घेतो म्हणला, पण उरलेले ७४,००० मागायला आला तेव्हा त्यानं पूर्ण १,१२,००० च मागितले. ३८ चा विषय काढला की म्हणायचा कागद दाखवा. कागद नव्हता, सगळं तोंडी. सिमेंट उडवणाऱ्याला कुणी बोललं नाही, काचेवर कण कुठून आले हे काच देणाऱ्याला कुणी विचारलं नाही, सगळ्यात शेवटी येणारा आणि सगळ्यात कमी घेणारा तोच गुन्हेगार. ही गोष्ट मला आजपण गिळवत नाही. पार्टनरनं वहिनीच्या पाटल्या मोडल्या, मी व्हॅन विकली. पैसे फिटल्यावर तो मला म्हणला, "तू साडेतीन बोललास तेव्हाच काच चिरली होती." आणि परत सेक्शनच्या कामाला लागला. भांडण नाही आमचं. दिवाळीला फराळाला असतो. पण धंद्यात परत आला नाही.

त्यानंतरची वर्षं ठीक गेली, लॉकडाऊनमधी चार महिने बंद होतो तेवढंच. सांगण्यासारखं आहे ते रेटचं, कारण आता नवीन पोरं मला फोन करून विचारतात.

आज मी खिडकीला १२० घेतो, जाळी आणि ट्रॅक धरून. दोन पोरांचे १३००, पेट्रोल २००, साबण-रबर-पाणी १५०, आणि माझा पगार, गाडीची दुरुस्ती, पोरांचा अपघात विमा मिळून रोजचे ८००. एकूण २४५०. चोवीस खिडक्यांचे येतात २८८०. राहिले ४३०, आणि त्यातून रिकामे दिवस काढायचे, कारण पाऊस लागला की लोक म्हणतात पावसानंच धुतलं. मे महिन्यात तर सकाळी नऊनंतर बाहेरची काच इतकी तापते की स्क्विजी ओढायच्या आत साबण वाळतो, म्हणून सहाला सुरू करतो, आणि दिवसाला १४-१५ च खिडक्या होतात. म्हणून उन्हाळ्यात रेट वेगळा, स्पष्ट सांगतो. दिवाळीच्या आधी आणि १७ सप्टेंबरच्या आधी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला सगळी ऑफिसं हॉटेलं चकाचक लागतात, तेव्हा अर्जंटचे जादा घेतो, त्यात लाजत नाही.

पाच खिडक्यांसाठी शहराबाहेर वाळूजला जायचं असलं तर १२०० मिनिमम, परवडलं तर बोलवा. नवीन बांधकामाची काच १० रुपये फुटाच्या खाली घेत नाही, आणि आधी एका काचेवर हातभर जागेत ट्रायल करून मालकाला दाखवतो, रेषा पडल्या तर जबाबदारी आमची नाही असं लिहून सही घेतो, सही नाही तर पत्ती पिशवीतून बाहेर निघत नाही. सेकंड फ्लोअरच्या वर दोरीवाली टीम वेगळी, त्यांचा दिवसाचा हिशोब वेगळा, तो खिडकीच्या रेटमधी मिसळू नका. दिवसाच्या बोलीवर जाऊ नका, मालक मग पंखे पण पुसायला लावतो. आणि फोनवर रेट सांगू नका. जा, खिडक्या मोजा, जाळ्या किती गंजल्यात बघा, नळाच्या पाण्याला टीडीएस मीटर लावा, मग बोला. अर्धे पैसे आधी घ्या, सोयऱ्याकडून पण. कंपनीचं काम असलं तर बिलातून टॅक्सचा टीडीएस, म्हणजे आधीच घेतलेला इन्कम टॅक्स, कापला जाऊ शकतो, तेवढा टॅक्स लागत नसला तर तो परत मिळतो पण रिटर्न भरल्यावर, तोवर पोरांची हजेरी कुठून द्यायची ते आधी बघा.

तो दुसरा आता या धंद्यात नाही. मागच्या वर्षी त्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं मला बोलवलं, सेक्शनचे चट्टे काढून द्या म्हणून. चट्टे निघत नसतात. मी तसं सांगितलं आणि पार्टनरचा नंबर दिला. सगळ्या खिडक्यांचे सेक्शन बदलायचं काम त्याला मिळालं, काम झाल्यावर काचा मी पुसल्या, १२० नं.