सात नंबरची नस्ती

आमच्या स्टॉपवर बस येईनाशी झाली, हे मला कॉलनीत सगळ्यांत शेवटी कळलं. मी स्कूटीवाली. कळलं ते पोळ्या करायला येणाऱ्या मावशींमुळे. चार दिवस त्या पाऊण तास उशिरा येत होत्या. पाचव्या दिवशी माझा चेहरा बघून त्यांनीच विषय काढला. "ताई, सात नंबर बंद केलीय. वडापचा रिक्षावाला सीटमागे वीस रुपये घेतो. जायचे वीस, यायचे वीस. दोन घरच्या पोळ्यांत मला काय उरणार, तुम्हीच हिशोब करा."

हिशोब हा माझा धंदाच. मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे. पुढचं वर्षभर जे झालं ते लिहून ठेवतेय, कारण आपापल्या गावात हीच वाट चालू पाहणाऱ्या दोघा-तिघांनी मला विचारलं. शहराचं नाव सांगत नाही. मध्यम आकाराचं, महापालिकेचा स्वतःचा परिवहन उपक्रम असलेलं शहर आहे. ज्यांनी मला कागद उलगडून दाखवले, त्यांना तिथेच नोकरी करायची आहे.

पहिला अर्ज साधाच केला: 'मार्ग क्र. ७ पूर्ववत सुरू करणेबाबत'. आवक-जावकला शिक्का मारून पोच घेतली. (पोच घ्याच. पोच नसलेला अर्ज म्हणजे नवस.) दीड महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं: 'सदर मार्गाचे प्रति किलोमीटर उत्पन्न अल्प असल्याने मार्ग बंद करण्यात आला आहे.' अल्प म्हणजे किती, ते कुठेच नव्हतं. आमच्याकडे कर्जदाराने 'उत्पन्न अल्प' असं लिहून दिलं तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवतो.

मग माहितीचा अधिकार. जोडपत्र 'अ', त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. इथे मी पहिली चूक केली. बसखरेदीपासून निवृत्तिवेतनापर्यंत सात गोष्टी एकाच अर्जात मागितल्या. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो, ते मला ठाऊक नव्हतं. अर्ज परत आला. दुसऱ्या अर्जात एकच मागणी ठेवली: मार्ग ७ च्या गेल्या बारा महिन्यांच्या लॉगशीट (फेऱ्यांची नोंद) आणि वे-बिलांचं (वाहकाच्या तिकीट-जमेच्या हिशोबाचं) अवलोकन, म्हणजे कागद तिथेच बसून बघणं. प्रती मागितल्या असत्या तर पानाला दोन रुपये पडले असते. अवलोकनाचा पहिला तास फुकट असतो. शिवाय कागद स्वतः चाळताना जे दिसतं ते मागून आणलेल्या झेरॉक्समध्ये दिसत नाही. तीस दिवसांची मुदत असते, उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं.

डेपोच्या मागच्या खोलीत सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. सोबतीला निवृत्तीला दीड वर्ष उरलेले एक वाहतूक नियंत्रक. पहिला अर्धा तास ते माझ्याकडे, लाच मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. मी वही काढून रकाने आखले, तेव्हा जरा सैल झाले.

सात नंबरच्या दिवसाला चौदा फेऱ्या ठरलेल्या होत्या. मार्ग बंद होण्याआधीच्या चार महिन्यांत सरासरी सहासुद्धा धावल्या नव्हत्या. रद्द फेरीपुढे कारण लिहायचा रकाना असतो. त्यात 'टायर नाही', 'बॅटरी', 'वाहक उपलब्ध नाही', आणि सगळ्यांत जास्त वेळा 'बस मार्ग क्र. १ ला दिली'. रद्द झालेल्या फेऱ्यांच्या वेळा मी एकाखाली एक मांडल्या. सकाळी ७.१०. सकाळी ८.२०. संध्याकाळी ५.४०. धावलेल्या फेऱ्या होत्या साडेअकराच्या, दुपारी एकच्या, तीनच्या.

म्हणजे आयटीआयची पोरं, धुण्याभांड्याच्या बायका, सिव्हिलमधल्या आया ज्या गाडीला उभ्या असतात, ती गाडी काढून घ्यायची. भर दुपारी रिकामी गाडी फिरवायची. आणि वर्षअखेरीस उत्पन्न अल्प.

मी हे बोलले, जरा चढ्या आवाजातच. नियंत्रक शांतपणे म्हणाले, "मॅडम, सकाळी सहाला मला चोपन्न गाड्या लागतात. वर्कशॉप देतं छत्तीस. एक नंबर स्टेशनला जाते. ती चुकली की अर्ध्या तासात साहेबांचा फोन. तुमची सात नंबर चुकली तर कुणाचा फोन येतो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडून कुणाचाच फोन गेला नव्हता.

छत्तीसच का, हे समजायला मला आणखी दोन खेपा पडल्या. उपक्रमाच्या लेखा विभागातल्या बाई माझ्याच वयाच्या निघाल्या आणि दोन लेखापाल एका टेबलाशी बसले की बाकी काही सांगावं लागत नाही. तिकिटाच्या पैशांत खर्च भागत नाही. तो भारतातल्या बहुतेक शहरांत भागत नाही. फरकाला 'संचलन तूट' म्हणतात आणि ती भरायला महापालिका दरमहा रक्कम देते. ती एकगठ्ठा येते आणि ठरलेल्या क्रमाने संपते: आधी पगार, मग भविष्यनिर्वाह निधी, मग डिझेल. उरलं तर सुटे भाग. टायरचा नंबर सगळ्यांच्या मागे. अडीच हजारांची बॅटरीची तार नाही म्हणून लाखोंची गाडी आठवडाभर शेडमध्ये उभी, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

तिकिटातला प्रत्येक रुपयाही उपक्रमाचा नसतो. त्यातून प्रवासी कर आणि बालपोषण अधिभार राज्य सरकारकडे जातो. विद्यार्थ्यांच्या पासची सवलत उपक्रमाने आपल्या पदरची द्यायची. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याची भरपाई सरकार एसटीला देतं. आमची पालिकेची बस त्या योजनेत नाही. त्यामुळे एसटीतून उतरून सिटी बसमध्ये चढणारी प्रत्येक बाई "अर्धं का नाही?" म्हणून वाहकाशी भांडते. भांडण ऐकायला गोड आणि निकालाला कडू.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं सापडलं ते. मार्ग बंद करण्याच्या टिप्पणीत 'प्रति किलोमीटर खर्च' काढला होता तो असा: उपक्रमाचा सगळा खर्च भागिले धावलेले किलोमीटर. सगळ्या खर्चात चालक-वाहकांचा पगार आला, कार्यालयही आलं. फेरी रद्द झाली म्हणून यातलं काही कमी होत नाही. कमी होतात फक्त खालचे किलोमीटर. म्हणजे जितक्या फेऱ्या रद्द, तितका प्रति किलोमीटर खर्च वर. मग आणखी दोन मार्ग तोट्यात दिसायला लागतात, तेही बंद, आणि आकडा पुन्हा वर. दुकानदाराने गिऱ्हाईक कमी म्हणून शटर अर्धं खाली ओढावं, आणि भाडं परवडत नाही म्हणून उरलेलंही ओढावं, त्यातला प्रकार.

मी एका फेरीचा हिशोब वेगळा मांडला. चालक-वाहक हजर आहेत, पगार चालूच आहे. तर ७.१० ची फेरी सोडल्याने जास्तीचा खर्च किती? अकरा किलोमीटर, जुनी गाडी लिटरला पावणेचारचा ॲव्हरेज देते, डिझेल तेव्हा नव्वदीच्या पुढे. साधारण पावणेतीनशे रुपये. टायर-ऑइलची झीज धरली तरी साडेतीनशे. आणि ज्या थोड्या दिवशी ७.१० धावली होती, त्या दिवसांच्या वे-बिलांत साडेपाचशेच्या आसपास जमा होती. दुपारी एकच्या फेरीत मात्र शंभर-सव्वाशे. ती डिझेललाही पुरत नव्हती.

वहीतला हा आकडा घरी येऊन मी दोनदा तपासला. दुपारी एकच्या गाडीने माझ्या सासूबाई सिव्हिलच्या ओपीडीतून परत यायच्या.

मागणी चारच फेऱ्यांची करायची असं मी ठरवलं: सकाळी दोन, संध्याकाळी दोन. ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या बैठकीत माझी चांगली हजेरी घेतली गेली. "म्हाताऱ्यांनी रिक्षानेच जायचं का?" एक काका म्हणाले, "तू डेपोची वकील आहेस की आमची?" प्रश्न रास्त होता. बस फक्त भरते तिथेच चालवायची असं नसतंच. रस्त्यावरच्या दिव्याला कुणी उत्पन्न विचारत नाही. पण चौदाही फेऱ्या मागितल्या असत्या तर पुन्हा एका ओळीचं उत्तर आलं असतं, असा माझा अंदाज होता. तो अजूनही मला बरोबर वाटतो आणि अजूनही पूर्ण पटत नाही.

आयटीआयच्या दोन मुलांना घेऊन दहा दिवस सकाळी साडेसहा ते नऊ मोजणी केली. पहिल्या दिवशी आम्ही स्टॉपवर उभे राहून माणसं मोजायला लागलो. माणसंच नव्हती. न येणाऱ्या बसची वाट कोण बघणार? मग मोजायच्या ठरवल्या त्या वडापच्या रिक्षा आणि त्यांत कोंबलेली डोकी. ते आकडे मागणीला जोडले, सोबत ३१२ सह्या. सह्या मावशींनी जमवल्या, माझ्या दुप्पट वेगाने.

तेव्हा महापालिकेत निवडून आलेलं सभागृह नव्हतं, प्रशासक होते. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत ती काही वर्षं तशीच गेली. परिवहन समिती नाही, प्रभागाचा नगरसेवक नाही. उरला लोकशाही दिन: महिन्याचा पहिला सोमवार, विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी. मला चारेक मिनिटं मिळाली. आयुक्तांनी हिशोबाचं पान खरंच वाचलं, हे कबूल करायला हवं. मग म्हणाले, "ताई, नवीन ई-बस येणार आहेत. तेव्हा सगळ्याच मार्गांचं बघू."

ई-बसचं ऐकून बैठकीतले निम्मे लोक खूश झाले. मी घरी येऊन योजना वाचली. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेली पीएम ई-बस सेवा: १०,००० बस, अंदाजे ५७,६१३ कोटींची योजना, त्यात केंद्राचे २०,००० कोटी. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सोलापूरसारख्या शहरांची नावंही त्यात आहेत. पण केंद्र गाडी विकत घेऊन हातात किल्ली देत नाही. गाडी ठेकेदाराची, चालक त्याचा, आणि त्याला धावलेल्या किलोमीटरमागे दर द्यायचा. त्या दरात केंद्राचा वाटा बारा मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, नऊ मीटरला २२, सात मीटरला २०. तोही दहा वर्षं. वरची रक्कम तिकिटातून आणि शहराच्या तिजोरीतून.

"ठेकेदाराला देऊन टाका, नाशिकसारखं," असं कॉलनीत कुणीतरी दर बैठकीत म्हणतंच. नाशिकला आधी शहर बस एसटी चालवायची. जुलै २०२१ पासून महापालिकेच्या कंपनीची सिटीलिंक आली. तिथेही ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, तिकिटाची रक्कम पालिकेकडे येते आणि मधली तूट पालिकाच सोसते. छत्रपती संभाजीनगरने स्मार्ट सिटीच्या पैशांतून बस घेतल्या आणि चालवायला सुरुवातीला एसटीचे चालक-वाहक घेतले. घडी वेगवेगळी, तुटीचा रकाना प्रत्येकाच्या वहीत आहे. आणि सरकारी गाडी टायरअभावी शेडमध्ये मुकाट उभी राहते. ठेकेदार बिल थकलं की सगळ्याच गाड्या उभ्या करतो.

डिसेंबरात पेपरात जाहिरात आली: अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी सूचना पाठवाव्यात. लोक गटार, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम मागतात. मी एकच सूचना पाठवली. परिवहन उपक्रमाला द्यायच्या रकमेत 'टायर व सुटे भाग' असं वेगळं लेखाशीर्ष करावं, आणि ते पैसे पगारात वळवता येऊ नयेत. सोबत उभ्या अठरा गाड्यांची यादी, प्रत्येकीपुढे ती कशासाठी अडली आहे ते. ही यादी मला कुणी दिली ते विचारू नका.

अंदाजपत्रक आलं त्या दिवशी मी पान उलटत उलटत परिवहनापाशी पोचले. शीर्ष होतं. रक्कम मी सुचवली त्याच्या निम्मीही नव्हती, पण शीर्ष होतं. लेखा विभागातल्या बाईंचा मेसेज आला, नुसता अंगठा.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात सात नंबर परत आली. चार फेऱ्या. पहिल्या दिवशी ७.१० ला नऊ जण होते, त्यातले तिघे आम्हीच. लोकांचा विश्वास नव्हता. वडापवाला स्टॉपसमोर उभा राहून "ही चार दिवस येईल" म्हणून हाका मारत होता. गणपतीपर्यंत बसायला जागा मिळेना.

मी अजून अधूनमधून अवलोकनाचा अर्ज टाकते. गेल्या खेपेला ५.४० ची फेरी महिन्यात तीनदा रद्द होती. कारणाच्या रकान्यात टायर नव्हता, 'वाहक रजेवर' होतं. ते नियंत्रक आता निवृत्त झालेत. नवीन आहेत त्यांना मी तिन्ही तारखांना त्याच संध्याकाळी फोन केले होते, मावशींनीही केले होते.

सासूबाई दर गुरुवारी ओपीडीतून रिक्षाने येतात. चप्पल काढता काढता, मी स्वयंपाकघरात असले तरी ऐकू जाईल अशा आवाजात, भाडं किती झालं ते सांगतात.