कोयत्याला वेणी: गाठींची नोंदवही, जून ते ऑक्टोबर

जून, पहिला आठवडा. सुरुवात खुरप्यापासून झाली. पावसात चिखलाने माखलेली मूठ हातात ठरत नव्हती, म्हणून तिच्यावर सुती दोरी गुंडाळली आणि शेवटी निरगाठ मारली. दोन दिवसांत सगळं सुटून खुरप्याच्या पात्यावर गोळा झालं. दोरी नुसती गुंडाळून टिकत नाही, प्रत्येक वेढ्याला स्वतःची पकड लागते, एवढं तेव्हा कळलं.

मग फ्रेंच व्हिपिंगकडे वळलो. नाव भारदस्त आहे, काम साधं. प्रत्येक वेढ्याला एक अर्धी गाठ, सगळ्या एकाच दिशेने. गाठी एकमेकींच्या शेजारी बसत जातात आणि मुठीवर जिन्यासारखी चढणारी तिरपी कड तयार होते. ती बोटांना छान लागते. मध्ये एकच गाठ उलटी पडली तर कड तिथेच मोडते, आणि हे चार इंच पुढे गेल्यावर दिसतं. माझी दोनदा मोडली.

दोरीचा हिशेबही तेव्हाच चुकला. कोयत्याच्या मुठीचा घेर 11 सेंटीमीटर, झाकायची लांबी 9 सेंटीमीटर, दोरी 2 मिलिमीटर जाडीची. म्हणजे 45 वेढे, साधारण 5 मीटर. मोजून तेवढीच कापली आणि शेवटच्या बोटभर जागेत ती संपली. अर्धी गाठ स्वतःही दोरी खाते, हे हिशेबात धरलंच नव्हतं. आता त्याच मुठीला 6 मीटर घेतो.

जून अखेर. टर्क्स हेड. मुठीच्या टोकाला पगडीसारखी बसणारी गोल गाठ. चित्रं बघून आठवडाभर डोकं फिरलं होतं. मग बायको मुलीची वेणी घालत होती ते बघत बसलो आणि एकदम उजेड पडला. तीन पेडांचं टर्क्स हेड म्हणजे तीन पेडांची वेणीच, फक्त सुरुवात आणि शेवट एकमेकांना जोडलेले, आणि तिन्ही पेड एकाच दोरीचे. दोरी मुठीभोवती तीनदा फिरून सुरुवातीच्या जागी येते. पुढे त्याच वाटेने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फिरवायची, की गाठ भरते. तेव्हापासून मी 'पेड' आणि कडेला दोरी जिथे वळते ते 'वळसे', असेच शब्द वापरतो.

वळशांचं एक गणित आहे आणि ते मी आपटून शिकलो. 4 पेड, 6 वळसे घ्यायला गेलो. दोन फेऱ्यांतच टोक सुरुवातीला येऊन भिडलं आणि अर्धी नक्षी रिकामी राहिली. तासभर वाटलं आपलीच कुठेतरी वर-खाली चूक झाली. चूक नव्हती. पेड आणि वळसे या दोन आकड्यांना 1 सोडून सामाईक विभाजक असेल तर एका दोरीत ती गाठ पुरी होतच नाही. 4 आणि 6 ला 2 ने भाग जातो, म्हणून दोन दोऱ्या लागतात. 3 आणि 5 चालतात, 3 आणि 8 चालतात, 4 आणि 5 चालतात. सातवीतला मसावि असा कोयत्यावर भेटेल असं वाटलं नव्हतं.

जुलै. माझ्या 11 सेंटीमीटर घेरावर 5 वळसे विरळ पडले, तिहेरी भरूनही मधून लाकूड दिसत राहिलं. 8 घेतले तेव्हा भरलं. त्यासाठी नवी पद्धत शिकावी लागत नाही: तीन पेडांच्या गाठीत मागच्या दोन समांतर दोऱ्या एकमेकींवरून ओलांडून टोक आत घालायची क्रिया एकदा पुरी केली की तीन वळसे वाढतात. अशा तिहेरी गाठीला 2 मीटर दोरी पुरून थोडी उरते.

पण खरा वेळ घट्ट करण्यात जातो. विणायला दहा मिनिटं, आवळायला पाऊण तास. पहिल्या फेरीत जोर लावायचाच नाही. सुरुवातीच्या टोकापासून दोरीच्या वाटेने जात जात थोडी थोडी ढील पुढे सरकवायची. अशा चार फेऱ्या. मी पहिल्याच फेरीत ओढलं आणि गाठ एका बाजूला तिरकी झाली, केलेल्या इडलीवर कोणी बसावं तशी. ती सोडून पुन्हा केली. हत्यार म्हणून पोती शिवायचा दाभण घेतलाय, टोक दगडावर घासून बोथट केलंय. नाहीतर दोरीचे धागे फाटतात.

दोरीबद्दल. सुंभ आवडलं असतं, घरचंच आहे, खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही. पण मुठीला जाड पडतं आणि त्याचे केस तळव्याला टोचतात. जाळ्याची नायलॉन दोरी बारीक आणि चिवट, पण गुळगुळीत असल्यामुळे आवळलेली ढील रात्रीत परत येते. शेवटी सुतीच. सुती दोरी भिजली की फुगते आणि लांबीला आखडते, पावसात वाळत घालायची दोरी ताठ होते तसं. म्हणून गाठ कोरड्या दोरीने बांधायची, म्हणजे पावसात ती आणखी आवळते. मी एकदा मऊ पडेल म्हणून भिजवून बांधली होती. वाळल्यावर बांगडीसारखी फिरायला लागली.

जुलैतच शेजारचे पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, काका आले. कोयता हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "वेणी घातलंस कोयत्याक? आता गजरो पण माळ." हसून झाल्यावर त्यांनी दोन वार हवेत मारून दाखवले. मी मोठ्या हौसेने गाठ मुठीच्या मध्यावर बांधली होती. ती नेमकी तळव्यात येत होती. "हंयसर फोड येतलो," म्हणाले. पात्याजवळच्या दुसऱ्या गाठीवर बोट ठेवून, "आणि ही आकडीत अडाकतली." माडावर चढणाऱ्याचा कोयता कमरेच्या आकडीत असतो आणि एका हाताने झटकन निघावा लागतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी घरात बसून गाठी मारणारा माणूस.

मधली आणि वरची, दोन्ही गाठी कापल्या. पाऊण पाऊण तासाचं काम, वाईट वाटलं. आता मुठीवर फक्त फ्रेंच व्हिपिंग, पात्याकडचं टोक सपाट दाबून आत ओढलेलं, आणि टर्क्स हेड एकच, अगदी खालच्या टोकाला. वार करताना हात तिथे येऊन अडतो. शोभा कमी झाली, पण कोयता हातातून सुटत नाही. काका तो परत हातात घेऊन काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढं खूप आहे. स्वतःच्या कोयत्याला मात्र हात लावू दिला नाही.

ऑगस्ट. बुरशी. पांढऱ्या दोरीवर काळे ठिपके. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल लावून बघावं असं मनात आलं होतं. बरं झालं आधी विचारलं. त्याने कातडी भाजते, हातात धरायच्या वस्तूला ते नकोच. गाठी चुलीवरच्या फळीवर टांगून ठेवल्या, दुसरं काही केलं नाही.

ऑक्टोबर. ऊन पडलं. ब्रशने घासून ठिपके बरेच गेले, डाग राहिले. मग उकळलेलं जवसाचं तेल, दोन पातळ हात, मध्ये तीन दिवस. रंग मधासारखा आला आणि डाग त्यात बुडाले. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. मी दोरीवर पसरून वाळवतो आणि मग टाकतो.

सध्या पटाशीच्या मुठीवर 5 पेड, 8 वळसे चाललंय. मसावि 1 आहे, म्हणजे एका दोरीत व्हायला हवं. तीनदा सोडली. चौथ्या पेडाशी दोरी कुठून वर आणि कुठून खाली हे हरवतं. दोरी हाताळून इतकी मऊ झालीय की आता नवीन कापावी लागणार.