लेन्स

नवीन बॅच आली की पहिल्याच लेक्चरला कोणीतरी विचारतंच, सर फॉरेन्सिकच का घेतलं, पेशंट बरा केल्याचा आनंद यात नाही ना? प्रश्न खरा आहे. मी एमडीला ही ब्रँच घेतली तेव्हा घरच्यांनीपण हेच विचारलं होतं. आता २१ वर्षं झाली, पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, किती केले मोजले नाहीत, पण सुरुवातीचा एक अजून डोक्यातून जात नाही.

डोक्यावर जखम होती, एकदम सरळ, कडा स्वच्छ, मी लिहून टाकलं धारदार शस्त्राची. पोलिसांनी जप्त केली होती लाकडी काठी. उलटतपासणीत वकिलांनी शांतपणे विचारलं, डॉक्टर, जखम लेन्सने पाहिली होती का? नव्हती पाहिली. डोक्याची कातडी कवटीवर ताणलेली असते, त्यामुळे काठीचा फटका बसला तरी ती चिरल्यासारखी फाटते आणि नुसत्या डोळ्याला चाकूच वाटतो. लेन्सखाली मात्र जखमेच्या तळाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत टिश्यूचे बारीक धागे शाबूत दिसतात, केस चिरडलेले असतात. चाकूने सगळं साफ कापलं जातं. हे मला येत होतं हो, परीक्षेत लिहिलंही होतं, पण त्या दिवशी अजून तीन बॉडी थांबल्या होत्या आणि मी घाई केली. गेलेल्या माणसाची आई मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती.

तेव्हापासून लेन्स एप्रनच्या खिशात असते. आणि शिकवताना एकच हट्ट, आधी दिसलं ते लिहा, मत नंतर.

मृत्यूच्या वेळेचंही तसंच. मुलं १२-१२-१२ पाठ करून येतात, म्हणजे रायगर, मेल्यावर शरीराला येणारा ताठरपणा, १२ तासांत पूर्ण येतो, १२ तास टिकतो, पुढच्या १२ तासांत जातो. पण उन्हाळ्यात तो लवकर येऊन लवकर जातो, मरण्याआधी झटापट झाली असेल तर अजून लवकर. म्हणून मी कधीच एक वेळ देत नाही, अमुक ते अमुक तास एवढंच, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आणि हे सगळं मेलेल्यांचंच काम असतं असं समजू नका. जखमांचे दाखले, वय ठरवायला मनगट-कोपराचे एक्सरे, अत्याचार झालेल्या बाईची तपासणी, तीही तिची संमती घेऊनच. आम्ही शिकत होतो तेव्हा टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून तपासणं, पुस्तकात होती. अशा कौमार्य चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही, त्या बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं. मी ते दरवर्षी पूर्ण एक लेक्चर घेऊन सांगतो, पोर्शन मागे पडला तरी चालेल.

परवा एक रेसिडेंट रिपोर्ट सहीसाठी घेऊन आली, जखमेच्या प्रकारापुढची जागा रिकामी. विचारलं तर म्हणाली, सर लेन्सने बघायचं राहिलंय, द्या ना तुमची, दहा मिनिटांत येते.