एक मिसिंग आणि चार कोड

गाडी २०१४ ची, १.२ लिटर, चार सिलिंडर पेट्रोल, नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं, लाखाच्या वर किलोमीटर झालेत. शहरात काही जाणवायचं नाही, पण खंबाटकी घाटाचा चढ लागला की सीएनजीवर तिसऱ्या गिअरला झटके द्यायची, चेक लाइट ब्लिंक व्हायची आणि पेट्रोलवर टाकली की गप्प. स्कॅनर लावला तर एकदम चार कोड (बिघाडाचे नंबर), पी०३००, पी०३०३, पी०१७१ आणि पी०४२०. म्हणजे मिसिंग (सिलिंडरमधलं इंधन मधूनच न पेटणं), त्यातही तिसऱ्या सिलिंडरचं, वर मिक्श्चर लीन (हवा जास्त, इंधन कमी), आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कॅट, नीट काम करत नाही असा संशय. गॅरेजवाल्याने प्रत्येक कोडला एकेक पार्ट लावून हिशोब काढला, ऑक्सिजन सेन्सर, कॅट, चारही कॉइल (प्लगला स्पार्कचं व्होल्टेज देणारे), इंजेक्टर क्लीनिंग वेगळं. म्हटलं दादा, जरा थांबा, विचार करून सांगतो.

कोड म्हणजे पार्टचं नाव नाही हो, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) काय खटकलं तेवढंच ते सांगतं. मिसिंग त्याला कसं कळतं? तर क्रँक सेन्सरवरून, तो इंजिनच्या मुख्य शाफ्टचा म्हणजे क्रँकचा वेग बघतो. सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का बसतो, पेटला नाही की क्रँक तेवढ्यापुरता स्लो होतो, आणि पाळी कोणाची होती हे त्याला माहीत असतं म्हणून ०३०३. आता न पेटलेलं मिक्श्चर तसंच सायलेन्सरकडे जातं, त्यातली न वापरलेली हवा ऑक्सिजन सेन्सरसमोरून जाते, सेन्सर म्हणतो ऑक्सिजन जास्त आहे म्हणजे मिक्श्चर लीन, झाला ०१७१ तयार. सेन्सर बिचारा खरंच बोलतोय. आणि तेच कच्चं इंधन पुढे कॅटमध्ये जाऊन जळतं, कॅट नको तेवढा तापतो, तिथून ०४२०. लाइट नुसती पेटलेली असणं वेगळं आणि ब्लिंक होणं वेगळं, ब्लिंक म्हणजे कॅटची वाट लागतेय, तेव्हा रेस सोडायची आणि सावकाश बाजूला घ्यायची. म्हणून माझा नियम साधा आहे, मिसिंगचा कोड असेल तर आधी तो, बाकीच्यांना मिसिंग जाईपर्यंत हात लावायचा नाही.

गाडीच्या स्कॅनर पोर्टला लावायचा ब्लूटूथचा स्वस्त डोंगल आणि मोबाइलवरचं अॅप एवढ्यावर बरंच काही दिसतं. सगळ्यात आधी फ्रीज फ्रेम बघायची, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचे रीडिंग, आणि ते बघायच्या आधी कोड इरेज करायचे नाहीत कारण त्यांच्याबरोबर ती पण पुसली जाते (बरेच जण पहिलं कामच इरेजचं करतात, मग शोधत बसतात). माझ्या फ्रेममध्ये इंजिन गरम, लोड भरपूर, म्हणजे तो घाटच. मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम इंधन किती वाढवतोय (प्लस) किंवा कमी करतोय (मायनस) तो आकडा, आणि हे मुद्दाम पेट्रोलवर बघितलं, कारण सीएनजी किटचं ट्युनिंग गडबडलेलं असेल तर ट्रिम भलतंच दाखवतो. आयडलला ट्रिम खूप प्लसमध्ये आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठूनतरी जादा हवा घुसतेय, मॅनिफोल्डचं पॅकिंग, पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत आत ओढणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा होज बघा. उलट आयडलला ठीक आणि लोडवर वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय, पंप किंवा फिल्टर. माझा दोन्हीकडे जवळपास सारखाच, थोडासा प्लस, आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मध्ये मुळातच ऑक्सिजन असतो त्यामुळे तेवढं चालायचंच. म्हणजे हवा नाही, पेट्रोल नाही, राहिला स्पार्क.

तिसरा कॉइल वर ओढला तर खालचा, प्लगवर बसणारा रबरी बूट ऑइलने थबथबलेला, फुगून मऊ झालेला, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ. तीच खरी गोष्ट. स्पार्क हा प्लगच्या टोकाला न पडता त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर इंजिनच्या हेडमध्ये उतरत होता. चढावर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, आतल्या स्पार्कला व्होल्टेज जास्त लागतं, मग तो सोपी वाट धरतो, आणि सीएनजीला पेट्रोलपेक्षाही जास्त व्होल्टेज लागतं म्हणून सीएनजीवर आधी कळतं. प्लग चारही नवे टाकले, ते ड्यू होतेच. मग तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या कॉइलची अदलाबदल केली, पण बूट जागच्या जागी ठेवून, मिसिंग तिसऱ्यावरच. मग फक्त बुटांची अदलाबदल केली तर कोड आला पी०३०२. कॉइल चारही ठणठणीत! बरेच जण कॉइलची बुटासकट अदलाबदल करतात, मिसिंग सरकलं की नवा कॉइल घेतात, वास्तविक बूट सुटा मिळत असेल तर त्यावर भागतं.

पण नुसता बूट टाकून उपयोग नव्हता, ऑइल येतंय कुठून ते बंद करायला हवं. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग कडक होऊन गेलं होतं आणि प्लग होलचे गोल सील पण, ते सगळं बदललं, होल कोरडे पुसून घेतले, नवा बूट, मग कोड इरेज. लीनचा कोड परत आला नाही आणि ऑक्सिजन सेन्सर जुनाच आहे. ०४२० पण अजून तरी नाही, पण त्याच्यावर माझा पूर्ण भरवसा नाही, मिसिंगवर बरीच चाललीय गाडी, कॅट थोडाफार भाजला असणारच, आला तर तेव्हा बघू. पीयूसीच्या स्लिपवर मात्र फरक सरळ दिसला, एचसीचा आकडा खाली आलाय. एचसी म्हणजे न जळलेलं इंधनच की, स्कॅनर नसलेल्यांनी जुनी स्लिप आणि नवी स्लिप शेजारी ठेवून बघा, आकडा एकदम चढला असेल तर प्लग-कॉइलपासून सुरुवात करायला हरकत नाही.

आणि हो, सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरने पाणी मारू देऊ नका. प्लगच्या होलमध्ये पाणी साठलं की हेच सगळं कोड घेऊन हजर होतं, अगदी नव्या पॅकिंगवर सुद्धा. झालंच असेल तर कॉइल काढून हवा मारायची आणि मगच पुढचं बोलायचं.