खिशातली कॅसेट

आमच्या घरी कॅसेट उघडी दिसली की बाबांचा आवाज चढायचा, "कव्हर कुठंय?" कव्हर असायचं, पण त्यात कॅसेट भलतीच. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन त्याच्या 'नेब्रास्का' अल्बमची मूळ कॅसेट कित्येक आठवडे जीन्सच्या खिशात बिनकव्हरची घेऊन फिरत होता, हे वाचलं तेव्हा म्हणूनच आधी बाबा आठवले.

जानेवारी १९८२. न्यू जर्सीत कोल्ट्स नेकला भाड्याचं घर, झोपायची खोली, दोन माइक आणि कॅसेटवर चालणारं एक चार ट्रॅकचं यंत्र. आपली कॅसेट उलटून लावायची, एकेका बाजूला दोन ट्रॅक. हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेला वापरायचं. दोनांवर गिटार आणि गाणं एकदमच, उरलेल्या दोनांवर हार्मोनिका, दुसरी गिटार, जे सुचेल ते. मग सगळं एकत्र करून उतरवलं कशावर, तर एकदा पाण्यात भिजून निघालेल्या टेपरेकॉर्डरवर!

हे नुसते नमुने होते, बँडला ऐकवायला. त्याच्या ई स्ट्रीट बँडने स्टुडिओत ती गाणी वाजवूनही पाहिली. तगडी माणसं, वाजवण्यात काय कमी असणार? पण कॅसेटवरची ती खोली काही स्टुडिओत येईना. शेवटी ठरलं, कॅसेटच काढायची. तिच्यावरून तबकडी कापताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले म्हणतात. सप्टेंबरात अल्बम बाजारात आला. (त्याच बैठकांमधलं 'बॉर्न इन द यूएसए' हे गाणं मात्र ढोल बडवत १९८४मध्ये आलं. मला ते आवडतं, पण लग्नाच्या वरातीसारखं, लांबून.)

'नेब्रास्का'तलं पहिलं गाणं १९५८च्या चार्ल्स स्टार्कवेदरच्या हत्याकांडावरचं, खुद्द खुन्याच्या तोंडी. आवाज चढत नाही, रडत नाही. पोलिसांपुढे जबानी द्यावी तसा मध्येच 'सर' म्हणतो. हार्मोनिका तर शेजारच्या बिऱ्हाडातून येते आहेसं वाटतं. रात्री दिवा घालवून ऐकलं आणि उठून पुन्हा लावला.

आमच्या माळ्यावरच्या डब्यात आजीच्या ओव्यांची एक कॅसेट आहे. बाबांनीच भरलेली. तिसऱ्या ओवीत कुकरची शिट्टी होते, आजी थांबते, "गॅस बारीक कर गं" म्हणते आणि सोडली तिथूनच उचलते. परवा डबा काढला. कॅसेट उघडीच होती. कव्हरात गणपतीच्या आरत्या.