ठासणीच्या बंदुकीचं लायसन म्हणजे भेकर मारायचं लायसन नव्हे

आमच्या सिंधुदुर्गात ठासणीची बंदूक ही काही नवलाची गोष्ट नाही. वाडीत चार घरं सोडली की एखाद्या घरी ती असते, बऱ्याचदा आजोबांच्या नावावर घेतलेली, शेतीसंरक्षणाच्या लायसनवर, आणि भात पोटरीला आलं (कणीस धरायला लागलं) की रात्री मांगरावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, राखणीला जाताना ती सोबत निघते. इथपर्यंत सगळं ठीक आहे. पण हल्ली पोरांच्या मोबाइलवर अमेरिकेतले शिकारीचे व्हिडिओ फिरतात, तिकडचे लोक अशाच नळीतून दारू भरायच्या बंदुकीने हरणं मारताना दिसतात, आणि मग पोरं सरळ म्हणतात, "लायसन आसा मां, मगे भियाचा कित्याक?" हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी तिकडचं सांगतो. माझा आतेभाऊ पेनसिल्व्हेनियात असतो, त्याला विचारलं आणि मग स्वतःही बरंच वाचलं. तिथे 1974 पासून नाताळानंतर हरणांसाठी वेगळा सीझन असतो, त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते, म्हणजे टोपीचीसुद्धा (ठोका बसला की पेटणारी छोटी धातूची टोपी लावायची) नाही, चकमकीच्या ठिणगीवर पेटणारी, सन 1800 च्या आधीच्या घडणीची किंवा तिची नक्कल, एकनळी, आणि तिच्यावर दुर्बीण लावायची नाही. कोलोरॅडो राज्यात टोपीची चालते, पण ठासणीच्या सीझनमध्ये दुर्बीण नाही, दारूच्या तयार गोळ्या नाहीत, सुटीच दारू मोजून भरायची, आणि हरणासाठी नळीचं भोक किमान .40 इंचाचं हवं म्हणजे जनावर जखमी होऊन तडफडत पळणार नाही. यामागचा विचार मला पटतो, एकच बार, तो चुकला की परत दारू, गोळी, गज (ठासायची सळई), टोपी हे सगळं होईपर्यंत हरण डोंगरापलीकडे, म्हणून माणूस जवळ जातो, नीट बघतो, मगच चाप ओढतो. पुढे 1985 च्या सुमारास टोनी नाइट नावाच्या माणसाने नव्या पद्धतीची ठासणीची बंदूक बाजारात आणली, तिच्यात टोपी सरळ नळीच्या मागेच बसते, तेव्हापासून तिकडे कुठली बंदूक खरी ठासणीची मानायची यावर राज्याराज्यात वेगवेगळे नियम झालेत.

व्हिडिओत न दिसणारी गोष्ट ही की तिथे हरीण मोजून दिलेलं असतं. लायसन वेगळं, टॅग वेगळा, मारलं की तो भरून जनावराला लावायचा. शिवाय 1937 च्या एका कायद्याने शिकारीच्या बंदुका-काडतुसांवर 11 टक्के कर घेतात आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. म्हणजे तिकडेही मनात आलं आणि मारलं असं अजिबात नाही.

आता आपल्याकडचं. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि तो खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी आहे, हे शब्द नीट लक्षात ठेवा. ही बंदूक जवळ बाळगायची परवानगी झाली. प्राणी मारायची परवानगी हा पूर्ण वेगळा विषय, तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो आणि त्याच्या कलम 9 ने शिकारीला बंदी आहे. भेकर (भुंकणारं लहान हरीण), सांबर, पिसोरी, काहीही असो, आपल्याकडे हरणाचा सीझन नाही, टॅग नाही, कोटा नाही. बंदुकीचं लायसन दाखवून वनखात्याच्या गुन्ह्यातून सुटता येत नाही. साध्या गुन्ह्यालाही 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि प्राणी त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला (सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतला) असेल, गवा आहेच त्यात, तर कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं. वर कोर्ट बंदुकीचं लायसन रद्द करून पुढची 5 वर्षं नवं मिळणार नाही असा आदेश देऊ शकतं. म्हणजे एका भेकरापायी घरातली राखणीची बंदूक गेली, आणि डुकरं येतच राहणार.

मटणाच्या वाट्याचं तर कोणी बोलतच नाही. जुन्या सवयीने शिकार झाली की वाडीत वाटे पोचतात, घरातली बाई काही न विचारता टोपात घालते, पण ते मटण घरात सापडणं हाही गुन्हाच आहे, ज्याने बार काढला तो एकटा अडकत नाही. कृपा करून कुणाच्या घरी वाटा पाठवू नका आणि आला तर घेऊ नका.

अजून एक, बंदूक ज्याच्या नावावर त्यानेच वापरायची. आजोबा गेले तर लगेच पोलीस ठाण्यात कळवून वारसाने रीतसर अर्ज करायचा, नातवाने ती परस्पर खांद्याला लावून फिरणं म्हणजे विनापरवाना हत्यार, त्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 ते 5 वर्षं शिक्षा आहे. फोंडा घाटाच्या बाजूला राहणाऱ्यांनी हेही बघावं की राधानगरीसारख्या अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत नवं लायसन हवं असेल तर वन्यजीव विभागाची संमती लागते.

आणि काळोखात झुडूप हललं म्हणून बार काढू नका हो. डुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी लागल्याच्या बातम्या कोकणात नवीन नाहीत, हाक्याला (रानातून जनावर हाकून काढायला) गेलेली माणसं परत आली नाहीत अशी घरं आहेत. ठासणीची बंदूक भरलेली भिंतीला टेकवून झोपायचं नाही, पावसात दारू दमट झाली आणि बार उडाला नाही तर लगेच नळीत डोकावायचं नाही, तोंड मोकळ्या जागेकडे धरून थांबायचं. फासकी (तारेचे फास) तर लावूच नका, डुकरासाठी लावतात आणि बिबटा अडकतो, मग जे होतं ते जनावरासाठीही वाईट आणि गावासाठीही.

शेतकऱ्याचं दुखणं मला कळत नाही असं नाही. आमचंही भात डुकरांनी एका रात्रीत लोळवलेलं आहे, पायाखाली तुडवलेलं जास्त, खाल्लेलं कमी, आणि भरपाईसाठी पंचनाम्याची वाट बघताना जीव नकोसा होतो. पण रानडुकराने पीक खाल्लं तर वनखात्याकडे अर्ज करून मारायची परवानगी मागायची सोय कायद्यात आहे, माझं म्हणणं इतकंच की ती वेळेत मिळाली पाहिजे. पीक कापून झाल्यावर आलेल्या कागदाचं करायचं काय? त्यावर आपण सगळ्यांनी मिळून आवाज उठवायला हवा, चोरून भेकर मारून तो आवाज पोचणार नाही.

तर ज्यांच्याकडे लायसन आहे त्यांनी भात पोटरीला यायची वाट न बघता श्रावणातच वनखात्यात जाऊन अर्ज द्यावा, पोच घ्यावी, गेल्या वर्षीच्या नुकसानीचे फोटो आणि पंचनाम्याची प्रत जोडावी. निवडणूक लागली आणि बंदूक जमा करायची नोटीस आली तर गप्प बसू नका, जिल्ह्याच्या छाननी समितीकडे शेतीसंरक्षणाचं कारण लिहून सवलत मागता येते. कुडाळ भागातल्या कुणाला अर्ज लिहायला मदत हवी असेल तर खाली सांगा, मी बसून लिहून देईन.